मोफत तपासणीचं आवतण

आमच्या घरात कुणालाच चष्मा नव्हता. याचा अर्थ सगळ्यांचे डोळे चांगले होते असा नाही. आजोबांच्या डोळ्यांत पांढरं उतरलं होतं. ते ओटीवर बसून पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखायचे आणि आम्हाला त्याचं केवढं कौतुक वाटायचं! आजीला सुई दिसेनाशी झाली तेव्हा तिने सुई धरणं सोडलं, एवढंच. ताप उतरेना किंवा रक्त थांबेना तरच आमच्याकडे डॉक्टरची आठवण व्हायची. नजर कमी होणं हा आजार नव्हता, ते वय होतं. वयावर कुठे औषध असतं?

वडिलांची लहान होडी होती. करावे गावच्या मागे खाडी आहे, तिथे ते बोईट, कोळंबी, चिंबोऱ्या धरायचे. शेती होती ती शहर वसवण्यात गेली. मग खाडीतही गाळ वाढला, पाणी काळं पडलं. जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिकच्या पिशव्या जास्त येऊ लागल्या. ज्या दिवशी होडी रिकामी यायची, त्या दिवशी आई शेजारणीकडून पाटीभर मासळी उधार घेऊन नव्या बिल्डिंगांमध्ये विकायला जायची. लिफ्टमध्ये पाटी चालत नसे, म्हणून जिन्याने. संध्याकाळी परत आली की आम्हा भावंडांना पोटभर आणि तिला उरलंसुरलं. मी कॉलेजात गेले तेव्हा माझ्या फीच्या नोटांना मासळीचा वास होता. खिडकीवरच्या क्लार्कने एकदा नोटा नाकापासून लांब धरल्या होत्या. मी त्याच्याकडे बघत राहिले, पावती घेतली आणि वर्गात जाऊन बसले.

मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. हे मी कुणी न विचारताही सांगते, सवयच आहे मला. आता मी जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात बिलिंगला आहे. कंटेनर उचलायचा आकार, म्हणजे चार्ज, उतरवायचा आकार, ठेवून घ्यायचा आकार. दिवसभर फोनवर ट्रान्सपोर्टवाल्यांशी भांडायचं, हेच माझं काम. त्या कामातला पहिला धडा असा की जो आकार गाडी आत यायच्या आधी सांगितला नाही, तो गाडी बाहेर जाताना लावता येत नाही. हा धडा पुढे घरच्यांसाठी उपयोगी पडेल असं काही वाटलं नव्हतं.

वडील गेले. भाऊ पनवेलला राहायला गेला. आई आणि मी गावातच राहतो. तिला आता पाटी घेऊन फिरावं लागत नाही, बाजारात पत्र्याखाली तिची बसायची जागा आहे. ती जागा माझ्या आजीची. सासूची जागा सुनेला मिळते, असंच आमच्याकडे चालत आलंय. कागद नाही, पत्र नाही, फक्त बसणं. रोज बसलं तर जागा आपली. चार महिने नाही बसलं तर शेजारणीची पाटी हळूहळू सरकत येते आणि मग कुणाला काही बोलता येत नाही.

आणि आईला जवळचं दिसेनासं झालं होतं.

तिने ते बरेच दिवस लपवलं. हिरवट वीसची नोट आणि पिवळी दोनशेची नोट यांत तिची गल्लत व्हायला लागली. काट्यावरचे लाल आकडे ती शेजारणीला विचारायची, आणि विचारताना असं दाखवायची की काटाच बिघडलाय. कोळंबी सोलताना बोटाला सुरी लागली, ती जखम चिघळली. शेजारणी म्हणायला लागल्या, "बस आता घरी. पोरगी कमावती हाय. किती करशील?" यात माया होती, नाही असं नाही. पण जागेवर डोळाही होता. आईला ते कळत होतं. घरी येऊन ती मला म्हणायची, "मना घरी बसवाला बघतान. मी काय मेली काय?"

मी म्हटलं, डोळे तपासू. ती म्हणाली, "डोल्यांना काय झालंय? उजेड कमी हाय." भर दुपारी उजेड कमी! मी सुट्टी घेतली की तिला नेमकं काहीतरी काम निघायचं. एकदा तर रिक्षा दारात बोलावली होती, तर हिला पाहुण्यांकडे बारशाला जायचं आठवलं. बारसं कुणाचं ते अजून कळलेलं नाही.

मग एके दिवशी चष्म्याच्या दुकानानेच आमचं काम केलं. सीवूड्सला टॉवरच्या खाली नवं दुकान उघडलं होतं. तिथली एक बाई, माझ्याच वयाची असेल, दुकानाचा निळा टी-शर्ट घालून गावात घरोघर पत्रकं वाटत फिरत होती. आईने तिला ओटीवर बसवलं, पाणी दिलं, चहा दिला. बाईने पत्रक हातात ठेवून सांगितलं, "काकी, नक्की या हं. तुमच्यासाठीच आहे. मोफत आहे."

आईने ते पत्रक देवापुढे ठेवलं. मी कामावरून आले तर म्हणाली, "वाच." मी वाचलं. 'भव्य शुभारंभ. कॉम्प्युटरवर मोफत डोळे तपासणी. सर्वांना आग्रहाचे निमंत्रण.'

"म्हंजे आवतान," आई म्हणाली.

"आई, ती जाहिरात आहे."

"घरी आली ना ती? बसली ना? या म्हनाली ना? मग आवतान नाय तं काय?"

आता ज्यांना आमच्याकडचं माहीत नाही त्यांना सांगते. लग्न असो, हळद असो, घरोघर जाऊन आवतण द्यावं लागतं. ज्या घरी आवतण पोचलं ते घर येणारच. नाही आलं तर वर्षभर बोलणं बंद. डॉक्टरला टाळणाऱ्या माझ्या आईने आवतण टाळणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी रविवार. तिने ठेवणीतली हिरवी साडी नेसली, गजरा घातला, आणि एका पिशवीत काहीतरी बांधून घेतलं. मी विचारलं, काय आहे? म्हणाली, "बोंबील. सुके. आवतनाला हात हालवत जायाचं काय?"

मी तिला पुष्कळ समजावलं. काही उपयोग झाला नाही. मी म्हटलं, जाऊ दे, डोळे तर तपासून होतायत. माझ्या आईने डोळे तपासून घ्यायला तयार होणं हीच मोठी गोष्ट होती. बोंबलांचं नंतर बघू.

दुकान काचेचं, गार, मंद गाणं लावलेलं. आईने चपला बाहेर काढल्या. ती पत्रकवाली बाई काउंटरला होती. आईने पिशवी तिच्या हातात दिली. बाई म्हणाली, "अहो काकी, हे कशाला?" "असू दे गो. घरचं हाय." एसीतून तो वास क्षणात दुकानभर पसरला. मालक आतून बाहेर आला. तरुण माणूस, अंगात कोट. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि आईला आत बोलावलं. तपासणी तोच करत होता.

आत त्याने समोरच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं लावली. मी म्हटलं, "अक्षरं येत नाहीत तिला. आकडे लावा." त्याने मुकाट्याने आकडे लावले. आई मोठ्याने आकडे म्हणायला लागली, बाजारात भाव सांगावा तशी. चुकली की म्हणायची, "थांब, थांब, बोलू नको." त्याने काच बदलली. मग जवळून वाचायचं कार्ड दिलं, त्यावरही आकडे होते. काच बदलता बदलता एका ठिकाणी आई आकडे म्हणायची थांबून पुढे वाकली. मग हळूच म्हणाली, "अगो बाय. हे तं दिसतंय."



बाहेर आलो. आता चष्म्याच्या फ्रेमी. स्वस्तातली जी होती तीही माझ्या अंदाजापेक्षा बरीच वर. मी म्हटलं, "नंबर लिहून द्या. आम्ही विचार करून सांगतो." मालक म्हणाला, "शुअर मॅडम." काउंटरवरच्या बाईने कॉम्प्युटरवर काहीतरी टाकलं आणि खाली बघत म्हणाली, "साडेतीनशे."

"कसले?"

"आय टेस्टिंगचे."

"टेस्टिंग मोफत आहे ना?"

मालक पुढे आला. "मॅडम, फ्रेम घेतली तर टेस्टिंग फ्री. फ्रेम नाही घेतली तर चार्ज लागतो. पॉलिसी आहे आपली."

"हे कुठे लिहिलंय?"

त्याने पत्रक उलटं केलं. खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, 'अटी लागू'.

"कुठल्या अटी?"

"त्या दुकानात लावल्यात."

"कुठे?"

त्याने बोट दाखवलं. काउंटरच्या मागे, एसीच्या रिमोटच्या खाली, एक कागद चिकटवला होता. तो वाचायला आपल्याला काउंटरच्या आत जावं लागलं असतं.

"आणि पैसे दिल्याशिवाय नंबरचा कागद मिळणार नाही, असंच ना?"

"मॅडम, तसं नाही... सिस्टिममधून बिल झाल्यावरच प्रिंट निघते."

मी आईकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं. तिचा चेहरा असा झाला की मला आठवलं तरी राग येतो. तिला पैसे जातात याचं वाईट वाटलं नव्हतं. पाहुणी म्हणून गेलेल्या बाईला जेवून उठल्यावर ताटाचे पैसे मागावेत, तसं झालं होतं तिला. तिने कनवटीला हात घातला आणि माझ्या कानाशी म्हणाली, "दे नि चल. पन बाय, यापुढं मना डोल्यांसाठी कुठं न्यायाचं नाय. कुठंच नाय."

तेव्हा मला कळलं की हे साडेतीनशेचं भांडण नाही. हे पैसे मी दिले तर माझी आई पुन्हा कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरच्या दारात उभी राहणार नाही. मग बोट पुन्हा कापणार, मग ती घरी बसणार, मग ती जागा जाणार. मी तिचा हात कनवटीतून बाहेर काढला.

"आई, खुर्चीवर बस."

"कशाला?"

"बस गं."

ती बसली. मी मालकाला म्हटलं, "ठीक आहे. मी पैसे देते. मला बिल द्या."

त्याला बरं वाटलं. "थँक्यू मॅडम. आत्ता देतो."

"फक्त बिलावर पत्रकात आहे तसंच लिहा. 'कॉम्प्युटरवर मोफत डोळे तपासणी', आणि पुढे साडेतीनशे रुपये. खाली तुमची सही आणि शिक्का."

त्याने पत्रक पुन्हा उचलून वाचलं. काउंटरवरची बाई कीबोर्डवर हात ठेवून थांबली.

"असं कसं लिहिणार मॅडम? मोफतचं बिल कसं होईल?"

"तेच विचारतेय मी."

"आपण कन्सल्टेशन लिहू."

"कन्सल्टेशनला बोलावलंच नाही तुम्ही. गावात घरोघर येऊन मोफत तपासणीला बोलावलं. मी यार्डात बिलं करते. कंटेनर आत यायच्या आधी जो आकार सांगितला नाही, तो बाहेर जाताना मी लावला तर मालक लोक माझ्या टेबलावर चढतात. तुम्ही मात्र आई खुर्चीतून उठल्यावर आकार सांगता. आधी सांगितलं असतं, तर आम्ही बसलोच नसतो."

"मॅडम, माझा वेळ गेला ना."

इथे आई खुर्चीतून बोलली. "माजा पन जातो. गिऱ्हाईकाला मासलीची गालफडं उघडून दावते. नाय घेतली तं दावल्याचं पैसं मागते काय?"

"काकी, ते वेगळं असतं."

"काय वेगलं? मी मासली दावते, तू काच दावतंस."

एवढ्यात काचेचा दरवाजा उघडून एक नवरा-बायको आत आले. त्यांच्या हातात तेच पत्रक. आई खुर्चीतूनच म्हणाली, "या, या, बसा. इचारून घ्या पन हां. फुकट नाय. आधी फुकट, मंग नाय."

मालकाचे कान लाल झाले. "काकी, असं नका ना बोलू."

"मी खोटं बोलली काय? खोटं असंल तं सांग. ही माजी पोरगी बी.कॉम. हाय, तिला इचार."

माझ्या पदवीचा असा उपयोग आजवर कुणी केला नव्हता. त्या नवरा-बायकोतल्या बायकोने मालकाला सरळ विचारलं, "चार्ज आहे का?" त्याने सांगितलं, "फ्रेम घेतली तर नाही." तिने नवऱ्याकडे बघितलं आणि दोघं दारातूनच मागे फिरले.

मी आवाज चढवला नाही. यार्डात शिकलेय मी, जो आवाज चढवतो त्याचं बिल अडतं. मी त्याला सांगितलं, "हे बघा, मला तुमचं दुकान पाडायचं नाही. दोन रस्ते आहेत. एक, तुम्ही हा आकार रद्द करा आणि नंबरचा कागद द्या. दुसरा, मला पाहिजे तसं बिल द्या. मी ते आणि हे पत्रक ग्राहक आयोगाकडच्या तक्रारीला जोडते. तिथे तुम्ही सांगा की अटी रिमोटखाली होत्या."

काउंटरवरच्या बाईने कीबोर्ड बाजूला सारला. ती हळूच म्हणाली, "सर, मीच सांगितलं होतं त्यांना. मोफत आहे म्हणून. मला पण तसंच सांगितलं होतं ना तुम्ही."  मला तिचं वाईट वाटलं आणि तिच्याबद्दल आदरही वाटला. नोकरी करणाऱ्या माणसाला असं बोलायला किती धाडस लागतं ते मला माहीत आहे.

मालक आत गेला. जरा वेळाने बाहेर आला तेव्हा त्याने कोट काढला होता. खुर्ची ओढून आईच्या समोर बसला. "काकी, मी पण नवीन आहे. दुकानाचं भाडं बघितलं तर झोप लागत नाही. ही आयडिया मला एकाने दिली."

"ज्यानं दिली त्याला बोलाव आवतनाला," आई म्हणाली. "मान खाली घालू नको. सांग, पैसं घेतोस का नाय?"

"नाही घेत."

"मनापासनं?"

तो हसला. "मनापासून काकी."

त्याने कॉम्प्युटरवरचा आकार माझ्यासमोर काढून टाकला, शून्याची पावती छापली आणि नंबरचा कागद दिला. मी दोन्ही वाचले, घडी घातली, पर्समध्ये ठेवले. पिशवी काउंटरवरच होती. बाई ती आईला परत द्यायला लागली, तर आई म्हणाली, "दिलेलं परत घेतात काय? तू बोललीस ना खरं? मंग तुजे आहेत ते." मालकाने तेवढ्यात विचारलं, "आणि माझे?" आई म्हणाली, "तू आधी फ्रेमचा भाव सांग, मंग बघू."

मी म्हटलं, आई, चल. ती उठेचना. आकार गेला म्हटल्यावर तिचं मन मोकळं झालं होतं, आणि आता तिच्यातली बाजारातली बाई जागी झाली होती. तिने मघाच्या त्याच फ्रेमी पुन्हा काढायला लावल्या. एक उचलली, वाकवून बघितली, कानाला लावली, आरशात बघितलं. "कितीला?" त्याने भाव सांगितला. आईने पलीकडच्या दुकानात निघाल्यासारखं तोंड वळवलं. त्याने थोडं कमी केलं. आईने फ्रेम खाली ठेवली. मी बाजूला उभी राहून बघत होते. त्या दोघांत मला काही जागा नव्हती. शेवटी जो भाव ठरला तो मी मनात धरलेल्या रकमेच्या जवळपास होता. आई कनवटीतून नोटा मोजायला लागली, वीस आणि दोनशे डोळ्यांपासून लांब धरून. ते बघून मालकानेच त्या नीट लावून घेतल्या आणि तिला मोजून दाखवल्या.

घरी येताना रिक्षात मी म्हटलं, "भांडण करून त्याच्याकडूनच घेतलास चष्मा?"

"भांडान आवतनाचं व्हतं. ते मिटलं," आई म्हणाली. "आता मी गिऱ्हाईक. गिऱ्हाईकाला राग धरून चालतं काय?"

मला अजूनही वाटतं की तिथून घ्यायला नको होता. तिला तसं वाटत नाही. यावर आमचं कधीच एकमत होणार नाही आणि ते चालतं.

आठवड्याने चष्मा आला. बाजारात पहिल्या दिवशी शेजारणींनी खूप चेष्टा केली. "काय गो मास्तरीन! शाला कुठं हाय?" आईने काट्यावरचे आकडे मोठ्याने वाचून दाखवले आणि एकीला सांगितलं की तिच्या काट्याची सुई आधीपासूनच पुढे उभी असते. त्यावर खरं भांडण झालं, पण ते वेगळं. दोन दिवसांनी तीच शेजारीण आईला हळूच विचारत होती, तपासणीला किती लागतात म्हणून.

पुढच्या महिन्यात दुकानाची नवी पत्रकं गावात आली. तीच बाई घेऊन आली होती. आईने तिला पुन्हा चहा दिला. पत्रक मी वाचलं. वर मोठ्या अक्षरात होतं, 'फ्रेम घेतल्यास तपासणी मोफत. फक्त तपासणीचे साडेतीनशे रुपये.' निमंत्रणाचा शब्द काढून टाकला होता. त्यानंतर आमच्या गल्लीतल्या चार-पाच बायका तिथे तपासणीला गेल्या. सगळ्यांना आधीच माहीत होतं काय द्यायचं ते.

आईच्या तपासणीचे पैसे आम्ही दिले नाहीत. तिच्याजवळ चष्मा आहे, तिला जवळचं दिसतं, आणि ती रोज बाजारात बसते.